सनस्क्रीन: परवडेल ते घ्या, पण पुरेसं लावा

मैत्रिणींनो, होळी झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. थंडीत टाचांच्या भेगा आणि फुटलेले ओठ. चैत्र लागला की गालांवरचं वांग, काळवंडलेली मान आणि रापलेले हात. पत्राच्या शेवटी प्रश्न ठरलेला, ‘कोणतं सनस्क्रीन लावू? पण फार महाग नको आणि चिकट नको.’ या दोन अटी काही जणी अगदी संकोचानं लिहितात. अहो, संकोच कशाला? रोज लावायच्या वस्तूला याच दोन अटी आधी लावायला हव्यात. महाग असतं ते आपण केशरासारखं पुरवून पुरवून लावतो, आणि चिकट असतं ते आठ दिवसांत कपाटाच्या मागच्या फळीवर जातं. दोन्हींचा उपयोग जवळजवळ सारखाच.

म्हणून यंदा मार्च-एप्रिलमध्ये आम्ही पाचजणींनी मिळून जेलसारखं हलकं आणि स्वस्त असं एक सनस्क्रीन सहा आठवडे वापरून पाहिलं. पन्नास ग्रॅमची ट्यूब, किंमत २९९ रुपये. कंपनीचं नाव देत नाही. एकीला मानवलं ते दुसरीला मानवेलच असं नाही. पण पारख कशी करायची हे एकदा कळलं, की दुकानातली कुठलीही ट्यूब तुम्ही स्वतःच पारखू शकाल.

आधी ट्यूबवरचं वाचा

ट्यूबवर दोन खुणा बघायच्या. पहिली एसपीएफ. कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांना ते किती अडवतं, याचा हा आकडा. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के किरण अडवतं, ३० असेल तर ९७ टक्के आणि ५० असेल तर ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० मधला फरक किमतीत दिसतो तेवढा कामात नसतो. रोजच्यासाठी ३० किंवा त्याहून जास्त, एवढं पुरे.

दुसरी खूण पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं. ही पद्धत मूळची जपानची, १९९६ सालापासूनची. यूव्हीए किरणांपासून किती संरक्षण मिळतं ते ती सांगते. हे किरण कातडीत खोलवर जातात, सुरकुत्या आणि काळे डाग वाढवतात, आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. तेव्हा निदान पीए+++ तरी हवं. शिवाय उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि बॅच नंबर पाहून घ्या, आणि पक्कं बिल मागा.

माप चुकलं की सगळं चुकलं

आता खरी गोम. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरवतात, तेव्हा दर चौरस सेंटिमीटर कातडीवर दोन मिलिग्रॅम एवढा थर देतात. आपण मात्र साधारणपणे त्याच्या पाव ते निम्माच लावतो. वाटाण्याएवढा थेंब घेतला, गालांवर फिरवला, झालं! थर निम्मा झाला की एसपीएफ ५० चं काम फार तर २५ एवढं उरतं, कधी त्याहूनही कमी.

मग किती घ्यायचं? तर्जनी आणि मधलं बोट या दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची. केकसाठी मापाचे चमचे घरात असतील, तर पाव चमच्याहून थोडं जास्त. घरच्या वजनकाट्यावर आमचं हे माप दीड ग्रॅमच्या आसपास भरलं. चेहरा, कान आणि मान यांना मिळून निदान एवढं हवं. एकदम चोपडायचं नाही. एक रेघ लावा, मुरू द्या, मग दुसरी लावा.

‘हलकं’ हा शब्द याच मापावर तपासायचा, बरं का! दुकानात मनगटावर थेंबभर चोळून पाहिलं तर सगळीच क्रीमं हलकी लागतात. दोन बोटं भरून लावल्यावरही जे तासाभरात विसरायला होतं, तेच खरं हलकं.

आमची घरगुती परीक्षा

सुरुवातीचे सात दिवस चेहऱ्याला हातच लावला नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी रोज दोनदा लावलं. खाज, पुरळ किंवा लाली आली असती तर तिथेच थांबलो असतो. पाचहीजणी पास झालो.

मग पांढरेपणाची परीक्षा. चेहऱ्यावर लावून पंधरा मिनिटं थांबायचं आणि खिडकीपाशी, दिवसाउजेडी आरशात बघायचं. ट्यूबलाइटखाली फसायला होतं. ज्यांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतं, ती सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसतात. आमचं जेल मुरल्यावर दिसेनासं झालं.

तिसरी परीक्षा टिकलीची. हसू नका! कपाळ तेलकट राहिलं तर टिकली दुपारपर्यंत घसरते, आणि थर नीट मुरला नसेल तर पावडर लावताना शेवया वळल्यासारख्या बारीक वळ्या सुटतात. आमच्या टिकल्या टिकल्या. वळ्या मात्र एकीच्या सुटल्या, कारण ती खाली आणखी एक क्रीम लावत होती. ते बंद केल्यावर प्रश्न मिटला.

चौथी घामाची. भर उन्हात मंडईपर्यंत चालत जाऊन यायचं आणि डोळ्यांत चुरचुर होते का ते पाहायचं. पाचांपैकी दोघींना झाली. पापण्यांच्या अगदी कडेला न लावता भुवईच्या वरच थांबल्यावर ती कमी झाली.

पाचवी कपड्यांची. काही हलक्या सनस्क्रीनांत ॲव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. बोअरच्या पाण्यातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्यावर गंजासारखे पिवळे-तांबूस डाग पडतात. अशा डागांवर ब्लीच घालू नका, ते आणखी पक्के होतात. लिंबाचा रस लावून थोड्या वेळानं धुऊन पाहा. त्याहून बरं म्हणजे सनस्क्रीन पूर्ण मुरल्यावरच कपडे घालावेत.

कुणाला काय अनुभव आला

पहिली शिक्षिका. सकाळी लावून शाळेत जाते आणि मधल्या सुट्टीत मैदानावर उभी राहते. तिला हे सगळ्यांत मानवलं. दुपारी ती पुन्हा लावायची. दुसरी स्कूटरवरून कचेरीत जाणारी. आपल्या पुण्याच्या मुलींसारखी स्कार्फनं चेहरा गुंडाळते. तिला सांगितलं, स्कार्फ सोडू नकोस. घट्ट विणीचं कापड ही उन्हाची पहिली ढाल, सनस्क्रीन दुसरी. तिसरी मी. माझं काम पश्चिमेच्या खिडकीपाशी बसून चालतं. काचेतून यूव्हीए येतंच, म्हणून घरात असूनही लावलं आणि शिवाय पडदाही ओढून घेतला.

चौथीच्या गालांवर दुसऱ्या बाळंतपणापासून वांग आहे. कुठल्याही समारंभात कुणी ना कुणी विचारतंच, ‘अगं, हे काय झालं?’ या प्रश्नाला कंटाळून तिनं शेजारणीच्या सांगण्यावरून गोरं करणारं एक मलम दोन वर्षं लावलं. आधी चेहरा उजळला, मग कातडी पातळ होऊन लाल पडायला लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, मलमात स्टेरॉइड आहे. मैत्रिणींनो, २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती हातोहात फिरतात. कृपा करून लावू नका, आणि लावत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा. आता डॉक्टरांच्या औषधाबरोबर ती रोज सनस्क्रीन लावते. वांग गेलेलं नाही. पण दर एप्रिलमध्ये ते गडद व्हायचं, तसं यंदा झालं नाही. डॉक्टरांनी तिला पुढची ट्यूब रंग असलेली घ्यायला सांगितली आहे. वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानंही वाढतं, आणि रंगासाठी घातलेली आयर्न ऑक्साइडं तो उजेड काही प्रमाणात अडवतात.

पाचवी आमची भाजीवाली. सकाळी सातपासून उघड्यावर बसते. तिचा निकाल तिच्याच शब्दांत सांगते, ‘ताई, लावायला बरं वाटतं, पण दहा वाजेस्तोवर घामानं जातं. दर दोन तासांनी कोण लावत बसणार आणि कुठून आणणार?’ खरंच आहे तिचं. उघड्यावर असताना दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच, पुन्हा लावायला हवं. म्हणजे तिला तिप्पट-चौपट खर्च. तिच्यासाठी आम्ही वर जाड कापडाचं छत बांधलं. डोक्यावर पदर आणि मोठ्या काठाची टोपी. सनस्क्रीन सकाळी एकदा, फक्त गाल, नाक आणि कपाळाला. जिथे पैसा अपुरा पडतो तिथे सावली आधी, ट्यूब नंतर.

हिशेब मांडून पाहू

रोज दीड ग्रॅम धरलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब ३३ दिवस जाते. २९९ रुपयांना रोजचे नऊ रुपये पडले. त्याच वजनाची ११०० रुपयांची ट्यूब घेतली तर रोजचे ३३ रुपये. दुपारी पुन्हा लावायचं तर दुप्पट. घरखर्चातून रोज ३३ रुपये काढताना आपला हात आपोआप आखडतो आणि ट्यूब सहा महिने पुरते. जी पन्नास ग्रॅमची ट्यूब सहा महिने पुरली, ती तुम्ही लावलीच नाही असं समजा!

रोज लावण्याला इतकं महत्त्व का, याचं एक चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात काही लोकांना सनस्क्रीन रोज लावायला सांगितलं, काहींना त्यांच्या मर्जीवर सोडलं. पंचावन्नपेक्षा कमी वयाच्या ९०३ जणांच्या हातांच्या कातडीचे ठसे तपासले, तेव्हा रोज लावणाऱ्यांत कातडीचं म्हातारपण २४ टक्के कमी आढळलं. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथले लोक बहुतेक गोरे, आपली कातडी वेगळी. पण लक्षात घ्या, ते सनस्क्रीन होतं साधं, एसपीएफ १५ च्या आसपासचं. फरक पाडला तो ‘रोज’ या शब्दानं.

एक गोष्ट मात्र घरी तपासता येत नाही: एसपीएफचा आकडा खरा आहे की नाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेनं २०२५ साली तिथली २० सनस्क्रीनं तपासून घेतली, तेव्हा त्यांतली १६ लिहिलेल्या आकड्याला उतरली नाहीत. तेव्हा महाग असो की स्वस्त, आकड्यावर विसंबून भर दुपारी उन्हात उभं राहू नये. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन कडक झालं असं समजून छत्री उघडावी.

जाता जाता

सनस्क्रीन गोरं करत नाही आणि त्यासाठी लावायचंही नाही. आपला आहे तो रंग एकसारखा आणि निरोगी राहावा, एवढंच त्याचं काम. खोबरेल, हळद, चंदन ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आणि चेहऱ्याला लिंबू लावून तर उन्हात मुळीच जाऊ नका, कातडी भाजून काळे डाग पडतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नये, त्याला सावली आणि अंगभर सुती कपडे. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, उष्णतेनं ते बिघडतं. पावसाळ्यात ढग पाहून बंद करू नका. पातळ ढगांतून बरेचसे किरण खाली येतातच.

आणि हो, घरात कुणी म्हणालंच, ‘या वयात हे कशाला?’ तर सांगा, चष्मा लावतो त्याच कारणानं. नऊ रुपयांत रोज स्वतःची एवढी काळजी घेणं ही काही चैन नव्हे.

तुम्ही वापरत असलेल्या ट्यूबची ही परीक्षा घेऊन पाहा आणि किती दिवस पुरली तेही आवर्जून कळवा. पुढच्या आठवड्यात बोलू पांढऱ्या कपड्यांवरच्या घामाच्या डागांबद्दल. तोवर छत्री विसरू नका!