उतारूंचे म्हणणे कोण ऐकणार?

आरेपासून कफ परेडपर्यंतची साडेतेहतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली, आणि मुंबईच्या बसमार्गांची फेरमांडणी हा विषय टाळता येण्याजोगा राहिला नाही. जमिनीखालून गाडी धावू लागल्यावर तिच्याच डोक्यावरून, त्याच दिशेने, एकामागोमाग एक बसगाड्या नेण्यात शहाणपण नाही हे कोणीही मान्य करील. ज्या वस्त्यांपासून स्थानक दूर आहे त्यांना स्थानकाशी जोडणाऱ्या लहान फेऱ्या हव्यात, हेही खरे. तेव्हा मार्ग बदलावेत की नाहीत हा वादाचा मुद्दाच नव्हे. मुद्दा आहे तो हा की, ते बदलण्यापूर्वी ज्यांना त्या बसने जावयाचे आहे त्यांना कोणी काही विचारणार आहे काय. आणि विचारलेच तर त्यांच्या उत्तराने निर्णयात तसूभरही फरक पडणार आहे काय?

आजवरचा अनुभव आशादायक नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये बेस्टने अनेक मार्गांची एकदम फेररचना केली. तिच्यामागे काही हिशेब नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या बसचे काय झाले हे पुष्कळ उतारूंना कळले ते थांब्यावर अर्धा तास तिष्ठत उभे राहिल्यावर. ज्या निर्णयाची वार्ता निर्णयाचा फटका बसल्यावर पोहोचते, त्या निर्णयावर सूचना मागविण्याला काय अर्थ आहे? सूचना मागविल्या जातात, नाही असे नाही. पण मसुदा कोठे पाहावा, हरकत कोणाकडे द्यावी, ती कोणी वाचली आणि अमान्य केली तर का केली, याचा थांगपत्ता सामान्य नागरिकास लागत नाही. वर्गात प्रश्न विचारावयाचा आणि मुलांनी तोंड उघडण्यापूर्वी उत्तर फळ्यावर लिहून मोकळे व्हावयाचे, असा हा प्रकार आहे.

यातील पहिली अडचण प्रामाणिकपणाची आहे. एखादा मार्ग बंद होतो तेव्हा त्याची दोन कारणे संभवतात: एक तर त्या मार्गावर उतारू नाहीत, किंवा त्या मार्गावर धाडावयास गाडी नाही. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु फेररचना, सुसूत्रीकरण असले भारदस्त शब्द वापरले की ते अंतर पुसले जाते. जून २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा राखण्याचे मान्य केले होते. २०२५ साल सरता सरता उपक्रमाच्या मालकीच्या गाड्या पाचशेच्याही खाली आल्या होत्या. बाकीचा भार भाडेतत्त्वावरील गाड्यांवर पडला; आणि त्या गाड्यांच्या काही कंत्राटदारांनी मधल्या काळात अंग काढून घेतले, तेव्हा भरगर्दीचे मार्गदेखील पाहता पाहता विरळ झाले. गाडी नाही म्हणून मार्ग तोडावा लागत असेल तर तसे स्वच्छ सांगावे. लोक समजून घेतील. गाड्या आल्यावर मार्ग पूर्ववत करण्याची मागणी करण्यास त्यांना आधारही राहील. परंतु गाडीअभावी तोडलेला मार्ग 'उतारूंअभावी' बंद झाल्याची नोंद एकदा दप्तरी झाली, की तो कायमचा गेला असे समजावे.

उतारू नाहीत हे तरी कशावरून ठरते? वाहकाच्या हातातील यंत्रावरून. किती तिकिटे दिली, कोठून कोठे दिली, हे ते यंत्र चोख सांगते, आणि त्याची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. पण जो बसमध्ये चढलाच नाही त्याचे तिकीट निघत नाही. पाऊण तास वाट पाहून शेअर टॅक्सीत बसलेला कारकून त्या हिशेबात नाही. गाडी वेळेवर येत नाही म्हणून पायी जाणारी शाळकरी मुलगी त्यात नाही, आणि गर्दीच्या भयाने बाहेर पडणेच सोडून दिलेले वृद्ध गृहस्थ तर नाहीतच नाहीत. फेऱ्या कमी केल्या की उतारू कमी होतात. उतारू कमी झाले की त्या आकड्याच्या आधारे आणखी फेऱ्या कमी होतात. हे दुष्टचक्र केवळ यंत्राच्या आकड्यांवर विसंबणाऱ्या अधिकाऱ्यास दिसणार नाही. ते दिसण्यास थांब्यावर उभे असलेल्या माणसाशी बोलावेच लागते. तेही सकाळी दहा वाजता नव्हे. पहाटे दादरच्या फुलबाजारात पाटी घेऊन निघालेल्या बाईशी आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिकेशी बोलावे लागते.

लांब मार्ग तोडून त्याचे दोन आखूड मार्ग करणे ही सध्याच्या फेरमांडणीची आवडती युक्ती आहे. कागदावर ती निर्दोष दिसते. आखूड मार्गावर गाडी कोंडीत कमी अडकते, वेळापत्रक सांभाळते आणि तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या अधिक होतात. हे लाभ खरे आहेत. पण या तोडणीची किंमत कोण भरतो? परळच्या के. ई. एम., वाडिया किंवा टाटा रुग्णालयात उपनगरातून येणाऱ्या रुग्णाचा विचार करा. पूर्वी तो एकदा चढे, खिडकीशी बसे आणि इस्पितळाच्या दारी उतरे. आता त्याने मध्येच उतरावयाचे, रस्ता ओलांडावयाचा, दुसऱ्या थांब्यावर उन्हापावसात उभे राहावयाचे, आणि दुसऱ्या गाडीत जागा मिळालीच तर बसावयाचे. शिवाय पास नसेल तर दुसऱ्या गाडीचे तिकीट पुन्हा पहिल्यापासून. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांचे दहा आणि वातानुकूलित गाडीत सहाचे बारा झाले. म्हणजे तोडलेल्या मार्गावरील उतारूस हे वाढलेले किमान भाडे दोनदा मोजावे लागते. धडधाकट माणसाला बस बदलणे ही दहा मिनिटांची गैरसोय असेल. गुडघे धरलेल्या माणसाला ती प्रवास न करण्याचे कारण ठरते. ‘मग मेट्रोने जावे’, असे उत्तर काही मंडळी सहज देऊन जातात. मेट्रोचे भाडे, स्थानकापर्यंतचे चालणे आणि खोल भुयारातील चढउतार यांचा विचार या उत्तरात नसतो. आम्ही मेट्रोचे स्वागतच केले आहे. पण मेट्रो ही बसची सोबती व्हावी, सवत होऊ नये.

या तोडणीची खरी झळ किती जणांना बसते, हे कोणत्याही नकाशावरून कळणार नाही. ते त्या माणसांनीच सांगावयाचे, आणि सांगण्याची वाट त्यांना खुली असावयास हवी. पूर्वी ही वाट, कशीही खाचखळग्यांची असो, होती. बेस्ट समिती ही महापालिकेची वैधानिक समिती. वॉर्डातील बस बंद झाली की लोक नगरसेवकाकडे जात. नगरसेवक समितीतील सभासदाला गाठी. आणि सभेत महाव्यवस्थापकांना उत्तर द्यावे लागे. या व्यवस्थेत राजकारण होते, वशिलाही होता. एखाद्या प्रतिष्ठिताच्या गल्लीतून वर्षानुवर्षे रिकामी बस वळसा घालीत असे, हेही आम्हांस ठाऊक आहे. पण प्रश्न विचारण्यास कोणी तरी होते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढील निवडणुकीचे मतदान व्हावयास जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षे मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. वर सांगितलेली भाडेवाढ त्याच काळातील. लोकनियुक्त सभासदांनी तिला मान्यता दिली असती की नाही हा निराळा प्रश्न. परंतु तिच्यावर उघड सभेत चर्चा झाली असती, एवढे निश्चित.

कायद्याकडे वळावे तर तेथेही एक चमत्कारिक गोष्ट आढळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, राज्य सरकारने एखाद्या भागातील वा मार्गावरील वाहतूक, इतरांस पूर्णतः वा अंशतः वगळून किंवा न वगळता, राज्य परिवहन उपक्रमामार्फत चालविण्याची योजना आखली तर ती राजपत्रात आणि प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते. तीस दिवसांत कोणासही हरकत घेता येते, आणि हरकत घेणारास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे मार्ग कोणी चालवावा याविषयी सुनावणीची तरतूद आहे. तोच मार्ग उद्या अर्ध्यावर तोडला किंवा थांबा उचलून पलीकडल्या चौकात नेला, तर मात्र उतारूसाठी तशी सुनावणी तेथे नाही. मार्ग हा चालविणाराचा. त्यावरून जाणारा केवळ निमित्तमात्र!

तरीही अधिकाऱ्यांस कायद्याचे बंधन मुळीच नाही असे समजण्याचे कारण नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलम पाहावे. जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीच्या सर्व प्रस्तुत बाबी प्रसिद्ध कराव्यात, आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींस द्यावीत, असे ते कलम सार्वजनिक प्राधिकरणांस बजावते. त्यासाठी कोणी अर्ज करण्याचीही वाट पाहावयाची नाही. ज्या शहरात दररोज वीस लाखांहून अधिक लोक बसने जातात, तेथे बसमार्गांची फेरमांडणी हा महत्त्वाचा निर्णय नसेल तर दुसरा कोणता?

लंडनचे उदाहरण देण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि ते प्रत्येक वेळी लागू पडतेच असे नाही. या प्रश्नात ते पडते. तेथील १९९९ च्या कायद्याने बसमार्ग बदलण्यापूर्वी संबंधित स्थानिक संस्थांशी आणि उतारूंच्या वैधानिक समितीशी विचारविनिमय करणे वाहतूक प्राधिकरणास बंधनकारक केले आहे. जून २०२२ मध्ये पैशाच्या टंचाईने त्या प्राधिकरणाने मध्य लंडनमधील कित्येक मार्ग बंद करण्याचा वा बदलण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. वीस हजारांवर नागरिकांनी उत्तरे धाडली. आणि नोव्हेंबरमध्ये तेथील महापौरांनी निराळा निधी उपलब्ध करून बहुतेक बदल मागे घेतले. काही मार्ग गेलेच. परंतु कोणते जाणार आणि का, हे लोकांना आधी समजले होते.

आता आमच्या वाचकांशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस बसविषयी दिवाणखान्यात तासभर बोलतो आणि हरकतीच्या मुदतीत चार ओळींचे पत्र लिहीत नाही. लिहिलेच तर त्यात संताप असतो, माहिती नसते. ‘आमची बस बंद करू नये’ एवढ्याने अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मार्गाचा क्रमांक, चढण्याचा आणि उतरण्याचा थांबा, वेळ, आठवड्यातील दिवस, सोबत चढणारे साधारण किती, आणि ही बस गेल्यास दुसरा कोणता मार्ग धरावा लागेल व त्यास किती पैसा व वेळ लागेल, एवढे लिहिले की ते पत्र बाजूला सारणे अवघड जाते. दुसरे असे की, बस सर्वांना हवी असते आणि थांबा मात्र दुसऱ्याच्या इमारतीसमोर! आपल्या फाटकापुढे दोन मोटारी उभ्या राहाव्यात म्हणून थांबा पुढे सरकविण्याची खटपट करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी उतारूंच्या हक्कांविषयी बोलावे हे आम्हांस शोभादायक वाटत नाही. आपल्या घरी काम करणारी बाई कोणत्या बसने येते, हेही जाता जाता तिला विचारावे. तिच्याकडून हरकतीचा कागद कोणी लिहून घेणार नाही.

आमची मागणी फार मोठी नाही आणि तिला फारसा खर्चही नाही. मार्गात, थांब्यांत किंवा फेऱ्यांत बदल करण्यापूर्वी निदान तीस दिवस आधी त्या मार्गाच्या प्रत्येक थांब्यावर आणि गाडीच्या आत ठळक मराठीत सूचना लागावी. भ्रमणध्वनीवरील सूचना पुरेशी नाही. ज्यांचे सर्वांत अधिक अडणार आहे त्यांच्यातील पुष्कळांपर्यंत ती पोहोचत नाही. सूचनेत जुना मार्ग, नवा मार्ग आणि बदलाचे खरे कारण लिहावे. गाडी नसेल तर गाडी नाही असे लिहावे. हरकत ज्या आगाराची बस त्या आगाराच्या खिडकीवर, साध्या कागदावर, घेतली जावी आणि तिची पोच मिळावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे तोंडी म्हणणे वाहतूक निरीक्षकाने लिहून घ्यावे. सुनावणी सुटीच्या दिवशी किंवा सायंकाळी, त्याच भागातील शाळेत व्हावी. कामाच्या वेळी, कुलाब्याला बोलावून नव्हे. आलेल्या हरकती आणि त्यांवरील उत्तरे समितीच्या सभेपुढे ठेवावीत व त्यांची प्रत आगारात पाहावयास मिळावी. बदल अमलात आल्यावर तीन महिन्यांनी त्याच थांब्यांवर पुन्हा एकदा मोजणी व्हावी. आणि त्या मोजणीत चढलेल्यांबरोबर वाट पाहून निघून गेलेल्यांचाही आकडा असावा. त्यासाठी यंत्र लागत नाही. थांब्यावर सकाळ-संध्याकाळ वही-पेन्सिल घेऊन उभा राहील असा एक माणूस पुरे.