नॅरोबोटचा डिझेल बॉयलर: आधी उष्णतेचा हिशेब

आयर्लंडमधल्या शॅनन नदीवर ॲथलोनला हिवाळाभर बांधून ठेवलेल्या नॅरोबोटीत कुटुंब राहणार असेल, तर डिझेल बॉयलर किती किलोवॅटचा हवा हे बोटीतून किती उष्णता बाहेर जाते यावर ठरते. जानेवारीत या भागाचे सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास असते. कडाक्याची थंडी नसली तरी ओल फार, आणि उत्तरेकडच्या लॉख री सरोवरावरून वारा येतो.

११ मीटर लांबीच्या केबिनची, फोमचे अस्तर असलेली पोलादी बोट धरली, तर छत, तळ आणि भिंती मिळून सुमारे ९० चौरस मीटर होतात. अस्तराखालून जाणाऱ्या पोलादी पट्ट्या धरून दर चौरस मीटरला, दर अंशाला १ वॅट उष्णता जाते असे मानता येते. आत २० आणि बाहेर २ अंश असताना ही गळती १.६ किलोवॅट होते. काचा आणि वायुवीजनाचे ०.९ मिळवले की बेरीज अडीच किलोवॅट. ही गरजही कडक रात्रीची. एरवी दीड-दोन पुरतात.

वेबॅस्टो किंवा एबरस्पेशरचा पाणी तापवणारा नेहमीचा संच ५ किलोवॅटचा असतो आणि खालच्या टप्प्यावर साधारण अडीच देतो. म्हणजे लहानातला लहान संचही बहुतेक दिवस जास्तच ठरतो. तरीही ‘असू दे थोडा मोठा’ म्हणून ८-१० किलोवॅटचा घेतला जातो, आणि सगळी दुखणी तिथूनच लागतात. पाणी झटपट तापते, बर्नर बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. थंड दहनकक्षात डिझेल अर्धवट जळते आणि काजळीचा थर चढत जातो. या घराण्यातले बरेच संच मुळात मोटारीचे इंजिन सुरू करण्याआधी गरम करण्यासाठी बनले आहेत. थोडा वेळ पूर्ण जोरात जळणे हाच त्यांचा स्वभाव. म्हणून रेडिएटरची एकूण क्षमता बॉयलरच्या क्षमतेजवळ ठेवावी आणि गरम पाण्याची टाकी त्याच फेऱ्यात जोडावी. ५५ लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर नेताना जवळजवळ ३ किलोवॅट-तास उष्णता मुरते. ५ किलोवॅटचा संच त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक सलग, निरोगी जळतो.

विजेचा प्रश्न डिसेंबरात जाणवतो. ॲथलोनला दिवस साडेसात तासांचा, त्यामुळे सौर पॅनेलवर भिस्त ठेवता येत नाही. पेटताना ग्लो प्लग १२ व्होल्टवर १० अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून ६ मीटरवरच्या संचाला २.५ चौरस मिलिमीटरची वायर दिली, तर जाऊन-येऊन १२ मीटरमध्ये ०.८ व्होल्ट गळतात. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३५. बॅटरी उतरलेली असताना या फरकानेच संच पेटायला नकार देतो आणि दोष मात्र बॉयलरच्या माथी मारला जातो.

वीज जपायची असेल तर डिझेल थेंबाथेंबाने सोडणारा रेफ्लेक्ससारखा स्टोव्ह आहे. तो आवाज करत नाही, सलग मंद जळतो, एका जागी बांधलेल्या बोटीला उत्तम. मात्र धुराडे सरळ आणि पुरेसे उंच हवे.

जळणाचा हिशेबही बदलला आहे. युरोपीय न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर १ जानेवारी २०२० पासून आयर्लंडमध्ये खासगी नौकांच्या इंजिनाला सवलतीचे हिरवे डिझेल चालत नाही. इंजिन आणि बॉयलर एकाच टाकीवर असतील, तर उबेसाठीही पूर्ण कराचेच डिझेल जळते. कडक रात्री अडीच किलोवॅटने दहा तास म्हटले तर सुमारे ३ लिटर. एकाच टाकीतून जळण घेताना बॉयलरची नळी इंजिनाच्या नळीपेक्षा उंचावर संपवावी, म्हणजे रात्रभराच्या उबेपायी सकाळी इंजिन कोरडे पडत नाही.

धूरनळीला उष्णतारोधक वेष्टन हवे, तिच्या सखल भागात साचणाऱ्या पाण्याला वाट हवी, आणि तोंड पाण्याच्या रेषेच्या वर, खिडक्या-झरोक्यांपासून दूर हवे. नोव्हेंबर ते मार्चच्या हिवाळी मुक्कामात बोटी खेटून बांधलेल्या असतात. म्हणून शेजारच्या बोटीची खिडकीही मोजणीत धरावी लागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेत बसवल्याशिवाय संच ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये.