पृथ्वी कोणाला सांभाळते?

‘पृथ्वी स्वतःला सावरून घेते, माणसाने चिंता करू नये’ हे वाक्य अलीकडे व्याख्यानांतून आणि, खेदाने लिहावे लागते, प्रवचनांतूनही ऐकू येते. त्याला विज्ञानाचा आधार आहे असे ठासून सांगितले जाते. तो आधार तपासू या.

जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस यांनी १९७०च्या दशकात ‘गाया’ सिद्धांत मांडला. सजीव व परिसर मिळून हवामान राहण्याजोगे राखतात, हे त्याचे सार. सूर्याचे तेज साडेचार अब्ज वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, तरी जीवसृष्टी तगली, हे खरेच. पण फोर्ड डूलिटल (१९८१) आणि रिचर्ड डॉकिन्स (१९८२) यांनी रास्त हरकत घेतली. नैसर्गिक निवडीला स्पर्धक लागतात, संतती लागते. पृथ्वीला ना भावंडे, ना लेकरे; मग निवड कशातून व्हायची?

पुढे डूलिटल यांनीच वाट सुचवली. नुसते टिकणे हीसुद्धा निवडच. मोडणारी व्यवस्था नाहीशी होते. कशीबशी तगणारीला अधिक काळ मिळतो आणि त्या काळात सावरण्याचे नवे मार्ग तिच्यात साठू शकतात.

आमच्या जुन्नर-आंबेगावचा काळा पाषाण पाहा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यावर पडते, झाडांची मुळे त्याला हातभार लावतात, खडक झिजतो. विरघळलेले क्षार कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करून समुद्रात जातात आणि तो कार्बन अखेर चुनखडीत बंदिस्त होतो. हवा तापली की झीज वाढते, थंडावली की मंदावते. सुंदर व्यवस्था आहे. फक्त तिला हवा निवळायला काही लाख वर्षे लागतात.

शिवाय दैवही आहेच. साउदम्प्टनच्या टोबी टिरेल यांनी २०२० साली संगणकात एक लाख काल्पनिक ग्रह प्रत्येकी शंभर वेळा चालवून पाहिले. एकदा तरी तीन अब्ज वर्षे तगलेले सुमारे ९ टक्के. त्यांतलेही बहुतेक शंभरांपैकी पन्नास वेळा तगले नाहीत. खोडदच्या तीस तबकड्या आकाश न्याहाळत असल्या, तरी जीवसृष्टी असलेला दुसरा ग्रह अद्याप कोणालाच सापडलेला नाही. एका वाचलेल्याच्या साक्षीवरून बुडालेल्यांची मोजदाद कशी करणार? (यातून ईश्वराचा पुरावा काढू पाहणाऱ्या माझ्या बांधवांनी जॉर्ज लमेत्र आठवावेत. विश्वोत्पत्तीचा सिद्धांत मांडणाऱ्या या धर्मगुरूंना त्याचा असा वापर रुचला नाही.)

निवडीने टिकते ती जीवसृष्टी. अमुक जात, अमुक गाव नव्हे. तेव्हा पृथ्वी सांभाळते म्हणणाऱ्यांनी ती कोणाला सांभाळते, हे आधी सांगावे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातील माळीण दरडीखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. ग्रहाच्या हिशेबात ती खडकाची झीज होती.