पिल्लू उचलण्याआधी

पाऊस सुरू झाला की आमच्या खराडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "पार्किंगमध्ये मांजरीचं पिल्लू सापडलंय, आई दिसत नाही, कोणी घेईल का?" अर्ध्या तासात कोणीतरी ते पिल्लू बुटांच्या खोक्यात घालून घरी नेतं. मग त्या माणसाचं कौतुक होतं. मागच्या वर्षी ते कौतुक माझ्या वाट्याला आलं होतं. आज लिहायला बसले आहे, कारण तेव्हा मी जे केलं ती दया नव्हती, घाई होती, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

झालं असं. माझी सात वर्षांची नात शाळेच्या बसमधून उतरली आणि फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी घेऊन वर आली. "आजी, हे थरथरतंय." डोळे नुकते उघडलेलं, कान अजून डोक्याला चिकटलेले, मुठीत मावेल एवढं पिल्लू. कुठल्या तरी गाडीच्या चाकामागे होतं म्हणे. बाहेर पाऊस. मी क्षणभरही विचार केला नाही. जीवदया आपल्या रक्तातच आहे, नाही का? टॉवेलात गुंडाळलं, वाटीत गाईचं दूध पाणी घालून कोमट केलं आणि चमच्याने पाजायला बसले. पिल्लाला उताणं धरून, जसं आपण बाळाला धरतो तसं.

यातली एकही गोष्ट बरोबर नव्हती, हे दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मगच पाजायचं. गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. ते आईला पितं तसं पोटावर, मान किंचित वर ठेवूनच पाजायचं. गाईचं दूध तर नकोच, त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे जिवावरचा खेळ. मांजरीच्या पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते, ती आणायची.

पण खरी चूक या सगळ्याच्या आधीची होती. त्याच रात्री साडेनऊच्या सुमाराला खालून मांजरीचं ओरडणं ऐकू आलं. नेहमीचं भांडणाचं नव्हे. थांबून थांबून, हाका मारल्यासारखं. आमच्या सांगलीकडे मांजरीला भाटी म्हणतात. ती भाटी गाड्यांखालून फिरत होती. मला कळलं, पण पाऊस होता, पिल्लू नुकतं झोपलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला सोडायचं जिवावर आलं होतं. सकाळी खाली गेले तेव्हा वॉचमन म्हणाला, "काकू, ती बाकीची दोन पिल्लं तोंडात धरून घेऊन गेली रात्रीच. तिसऱ्यासाठी लई येळ फिरत होती."

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे काय, तर ती एकेक पिल्लू उचलून जागा बदलते. एक नेताना बाकीची काही वेळ एकटी राहणारच. तिला पोटासाठीही बाहेर जावं लागतं. त्या मधल्या वेळेत आपण पोचतो आणि "आई टाकून गेली" असा निकाल देतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, हाही गैरसमजच. त्या रात्री मी पिल्लू आडोशाला परत ठेवलं असतं, तर बहुधा तिने नेलं असतं.

लहानपणी पाठशाळेत आम्ही अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले होते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत. अन्नपाननिरोध म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे उपाशी ठेवलेला बैल यायचा. आईच्या दुधावरचं पिल्लू तिच्यापासून तोडणं म्हणजे दुसरं काय? आणि खोक्यात घालणं म्हणजे बंध. पुण्य समजून मी एका संध्याकाळी दोन अतिचार केले.

आता पिल्लू माझ्याकडे होतं आणि आई गेली होती, तेव्हा जबाबदारी झटकता येत नव्हती. पहिले काही दिवस दर दोन-अडीच तासांनी दूध, रात्रीसुद्धा. माझा रात्रिभोजनाचा त्याग आहे. सूर्यास्तानंतर मी स्वतः पाणीही घेत नाही. पण त्याला त्याग लागू नव्हता. रात्री गॅस पेटवला की पावसाळी किडे येऊन मरतात, म्हणून गरम पाणी मी दिवसाउजेडीच थर्मासमध्ये भरून ठेवत असे. एवढं लहान पिल्लू अंगातली ऊब स्वतः राखू शकत नाही, म्हणून शेकायची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून जवळ ठेवायची, पण त्याला बाजूला सरकता येईल एवढी जागा सोडून. आणि आई चाटून जे काम करते ते ओल्या कोमट कापसाने करायचं. त्याशिवाय त्याला शू-शी करता येत नाही. साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत हे चालतं.

बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली. त्या शिक्षणाचा घराच्या हिशेबापलीकडे उपयोग असा या वेळी झाला. जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, किती दूध, वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पहिल्या दिवशी वजन भरलं १९० ग्रॅम. जुलाबामुळे तिसऱ्या दिवशी १७८. त्या रात्री मी णमोकार म्हणत बसले होते. मग हळूहळू १८५, १९६, २१०. निरोगी पिल्लाचं वजन रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. ज्यांना पिल्लू सांभाळावंच लागेल त्यांना माझा एकच सल्ला, वजन लिहा. डोळ्यांना दिसायच्या आधी बिघाड काट्यावर दिसतो.

पिल्लू जगलं. पण आईची जागा भरली असं मी म्हणणार नाही. चार आठवड्यांनंतर ते माझ्या हातावर तुटून पडायला लागलं, पार रक्त काढेपर्यंत. किती जोराने चावायचं आणि कुठे थांबायचं हे पिल्लं आईकडून आणि भावंडांशी खेळताना शिकतात. माझ्या पिल्लाला ते शिकवणारं कोणी नव्हतं. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये जवळजवळ सहा हजार मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला. चौदा आठवडे आईजवळ ठेवावं, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. आपण मात्र "लहान असतानाच आणलं की माणसाळतं" म्हणतो.

आता मुख्य पेच. दूध सुटल्यावर काय घालायचं? आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही. मांजर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो. तो मांस-मासळीत असतो, डाळ-भातात नसतो. तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिला. "पूर्वी वाड्यातली मांजरं दूध-भाकरीवरच तर जगायची," असं आमचे हे म्हणाले. जगायची, पण रात्री उंदीर पकडायची. तो खर्च आपण वहीत लिहीतच नव्हतो.

मंदिरात एका ताईंनी मला ऐकवलं, मांजर पाळणं हे अनर्थदंडात येतं. खरं आहे. कार्तिकेयानुप्रेक्षेत, जिची प्रत आपल्या कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९६० मध्ये संपादित केली, मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडातच धरलं आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही पैशासाठी पोपट, मांजर, कुत्रं पोसणं श्रावकाला वर्ज्य सांगितलं आहे. लहानपणी मला हे नियम कोरडे वाटायचे. आता वाटतं, त्यांत मोठी समज आहे. ज्याचं अन्न आपण देऊ शकत नाही, त्याला आपल्या दारात आणू नये, एवढंच ते सांगतात. नियम मरणाऱ्या जिवाला वाचवू नका असं म्हणत नाही, हौसेने घरी आणू नका म्हणतो.

मी काय केलं ते लपवत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं पिल्लांचं खाद्य, ज्यात मासळी होती, मी विकत आणलं. स्वतः जाऊन. मुलाला पाठवता आलं असतं, पण कृत, कारित, अनुमोदन तिन्ही सारखेच. दुसऱ्याकडून करवून घेतल्याने खातं कोरं होत नाही. वाटी आणि चमचा ड्राय बाल्कनीत वेगळा ठेवला. ते सहा आठवडे रोज सामायिकाला बसताना आलोचना केली. दहा आठवड्यांचं झाल्यावर, लसीची पहिली मात्रा देऊन, ते वडगाव शेरीतल्या एका कुटुंबाला दिलं. त्यांच्याकडे आधीच एक मांजर आहे. "म्हणजे हिंसा फक्त पत्ता बदलून गेली," असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण माझं व्रत त्याच्या पोटावर लादून त्याला आंधळं करणं, ही अहिंसा नव्हे एवढं मला कळतं.

दुसरं टोकही पाहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या हडपसरमधल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याची बातमी आली होती. एकेक करत, मायेनेच जमली असतील. परिग्रहाच्या दहा प्रकारांत चतुष्पद मोजले आहेत, ते उगाच नाही. दयेलाही परिमाण लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं. पिल्लू दिसलं की आधी लांब उभं राहा. ते उबदार, स्वच्छ आणि शांत असेल तर आई आसपास आहे. काही तास वाट बघा, तिच्यासाठी खाणं-पाणी थोडं अंतरावर ठेवा. आपण जवळ उभे राहिलो तर ती येणार नाही. चाकाखाली किंवा पाण्यात असेल तर तिथल्या तिथेच आडोशाला सरकवा. वॉचमनला आणि गाडीवाल्यांना सांगून ठेवा. गार पडलेलं, मळलेलं, जखमी असेल किंवा कितीतरी तास रडत असेल, तरच उचला. आणि उचललं तर रात्रीची जागरणं, त्याचं अन्न, पुढचं घर हे सगळं धरून उचला. मुलांना "बिच्चारं!" म्हणायला शिकवतो, तसं "थांबूया" म्हणायलाही शिकवूया.

मागच्या वर्षी क्षमावाणीला नेहमीप्रमाणे सगळ्यांना फोन केले. सूनबाईची, मैत्रिणींची, कामवाल्या मावशींची क्षमा मागितली. संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले तर ती भाटी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली होती. मला बघून उठून गेली. तिची क्षमा मागायची राहिलीच आहे. हा लेख त्यासाठी.