जगा की जगू?

वाक्य कोणी आणि कोणाला उद्देशून उच्चारले हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ पुरा होत नाही. न्यू हॅम्पशायर या अमेरिकेच्या ईशान्येकडील छोट्या राज्याचे ब्रीदवाक्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ते मराठीत आणताना ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा’ असे म्हणावे, की ‘स्वतंत्र जगू, नाहीतर मरू’? मूळ इंग्रजी क्रियापदाच्या रूपावर पुरुषाची खूण नाही. मराठीला मात्र निवड करावीच लागते. तेथील व्यक्तिस्वातंत्र्याचा सर्वांत गाजलेला वाद, माझ्या मते, याच निवडीचा आहे.

हे शब्द जनरल जॉन स्टार्क यांचे. बेनिंग्टनच्या १७७७ मधील लढाईत लढलेल्यांच्या मेळाव्याला १८०९ साली त्यांना प्रकृतीमुळे जाता येईना, म्हणून वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी ते पत्रातून धाडले. जुन्या सोबत्यांना उद्देशून असल्याने तेथे ‘जगू’ हेच रूप शोभते. १९४५ मध्ये ते राज्याचे ब्रीद झाले. पण १९७१ मध्ये ते मोटारींच्या नंबरप्लेटवर आले आणि वक्ताच बदलला. आता शासन बोलू लागले, तेही नागरिकाच्या तोंडून. (या प्लेट तुरुंगातील कैदी तयार करीत, ही गंमतही ध्यानात ठेवावी.)

यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या जॉर्ज मेनार्ड यांना हे ब्रीद श्रद्धेने आणि विचाराने अमान्य होते. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली, दंड झाला. तो भरण्यास नकार दिल्याने पंधरा दिवस तुरुंगवास घडला. स्वतंत्र जगण्याचा उपदेश झाकला म्हणून तुरुंग! ‘वूली विरुद्ध मेनार्ड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: बोलण्याच्या हक्कात न बोलण्याचा हक्कही येतो.

न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचे विरोधी मत हलके नाही. चलनी नोटेवर देवावरील विश्वासाचे वाक्य असते. म्हणून नोट बाळगणारा ते मान्य करतो असे कोणी समजत नाही. यावर बहुमताचे उत्तर असे, की नोट हातोहात फिरते आणि खिशात राहते, मोटार मात्र मालकाशी जोडलेली आणि सर्वांसमोर असते. मी एवढीच भर घालीन, की दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करणाऱ्याला अवतरणचिन्हांची सोय असते. नंबरप्लेटवर ती नाहीत.

न्यू हॅम्पशायर आजही प्रौढांवर सीटबेल्टची सक्ती करीत नाही. तशी विधेयके येतात आणि पडतात. किमान शासनाच्या पुरस्कर्त्यांनी २००३ साली एकत्र स्थलांतर करण्यासाठी हेच राज्य निवडले, त्यात नवल नाही. सीटबेल्टच्या वादात सक्तीचे विरोधक ‘जगेन’ हे एकवचन धरून बसतात. मेनार्ड यांच्या बाजूने मी निःशंक उभा राहीन. येथे मात्र नाही. त्यांच्या चिकटपट्टीने कोणाला ओरखडाही उठला नाही. बेल्ट न बांधलेला प्रवासी अपघातात सहप्रवाशावर आदळतो, आणि त्याच्या उपचारांचा भार त्याने न विचारलेल्या कितीतरी माणसांवर पडतो.