बक्षीसपत्रावर सही करण्याआधी



जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला. आपल्या देवळात त्या दिवशी आजी-आजोबांना पुढच्या बाकांवर बसवतात, फुलं देतात, मिस्सेनंतर चहा-केक होतो. हे व्हायलाच हवं. पण आजारी माणसांच्या घरी कम्युनियन घेऊन जाणारे आम्ही स्वयंसेवक वर्षभर जे ऐकतो ते वेगळं असतं. प्रार्थना संपते, मेणबत्ती विझवली जाते आणि मग दार जरा लोटून आजी हळूच विचारतात, "घर धाकट्याच्या नावावर करून दिलं, आता परत घेता येतं का हो?" कुणाला बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेलं असतं. कुणाची मुलगी गोव्यात दिलेली असते, आणि तिला वाटा लागतो की नाही यावरून दोन भाऊ बोलेनासे झालेले असतात.

देवळाच्या आवारात कोर्टकचेरीच्या गोष्टी नकोत, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांचं मत आहे. आम्हाला ते पटत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना कशावरून बोलतो ते पाहा. आईबापांना देण्याजोगं जे होतं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करून टाकायचं आणि सांभाळण्यातून सुटायचं, ही त्या काळची कायदेशीर पळवाट होती. प्रभूने ती पळवाट चारचौघांत उघडी पाडली. आईबापांचा सन्मान करा ही आज्ञा कागदांपर्यंत येते, ती अशी.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो बक्षीसपत्राचा प्रश्न. कर्नाटकात जवळच्या नात्यात बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क अगदी थोडं पडतं, म्हणून "आत्ताच करून टाका, नंतर कटकट नको" असा सल्ला घरोघरी मिळतो. वडील वारले की सहा महिन्यांत आई सही करते. बक्षीसपत्र नोंदलं गेलं की घर त्या क्षणी मुलाचं होतं. आईचा त्या घरातला मुक्काम यापुढे मुलाच्या मर्जीवर, आणि खरं सांगायचं तर सुनेच्या आणि नातवंडांच्या परीक्षांच्या वेळापत्रकावरही.

पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा २००७ चा कायदा इथे मदतीला येतो. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. अडचण 'अट' या शब्दात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, ती गृहीत धरता येणार नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला आणि आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. पण तिथेही मुलाने सांभाळ करीन असं लिहून दिलेला कागद आईच्या हातात होता. आपल्या किती आयांकडे असा कागद असतो? "मुलाकडून लिहून काय घ्यायचं, विश्वास नाही का?" असं म्हणून आपण तो टाळतो.

आमचं मत स्पष्ट आहे. राहतं घर जिवंतपणी देऊ नका. मृत्युपत्र करा. द्यायचंच असेल तर "मरेपर्यंत याच घरात राहण्याचा हक्क, जेवणखाण, औषधपाणी" हे बक्षीसपत्रातच लिहून घ्या. यात अविश्वास आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बेन सिराच्या ग्रंथाचा ३३ वा अध्याय काढावा. श्वासात श्वास आहे तोवर मुलगा, बायको, भाऊ, मित्र कुणालाही आपल्यावर सत्ता देऊ नये, मालमत्ता वाटायची ती शेवटच्या दिवसात, असं तो शहाणा माणूस ख्रिस्ताच्या जवळपास दोनशे वर्षं आधी सांगून गेला आहे. आपल्या बायबलमध्ये हे आहे, फक्त मिस्सेच्या वाचनात ते फारसं कानावर पडत नाही.

सांभाळ होत नसेल तर अर्ज करायचा तो देखभाल न्यायाधिकरणाकडे. आपल्या बेळगावात हे काम असिस्टंट कमिशनर साहेबांकडे असतं. वकील लावायची गरज नाही. आजींना स्वतःला जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. मूळ कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे, ती आजच्या औषधांच्या दरात पुरत नाही हे मान्य. जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे, सज्ञान नातवंडांवरही आहे. सून मात्र त्या व्याख्येत नाही.

आणि इथेच एक गोष्ट, जी आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. आपण ख्रिस्ती लोक वारसाहक्कासाठी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली येतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना, मुलगा-मुलगी समसमान. लग्नात सोनं दिलं म्हणून मुलीचा वाटा संपत नाही. पण समजा चाळीशीतला मुलगा अचानक गेला, मागे बायको आणि लहान मुलं आहेत, आणि घरात विधवा आई आहे. त्या आईला त्याच्या मालमत्तेत काय मिळतं? काहीच नाही. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, आपल्या कायद्यात मुलाला मुलं असतील तर आईला जागाच नाही. नातवंडं अज्ञान, त्यांच्यावर सांभाळाची जबाबदारी नाही. सुनेवर कायद्याने नाही. ती सांभाळते ती तिच्या चांगुलपणाने, आणि आपल्या धर्मग्रामात अशा सुना आहेत, त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. पण आईचं म्हातारपण एका दमलेल्या विधवेच्या चांगुलपणावर सोडून द्यायचं का?

म्हणून मृत्युपत्र म्हाताऱ्यांनी करायचं ही समजूत सोडा. घरात वृद्ध आई असलेल्या कमावत्या मुलाने ते आधी करावं. प्रभू येशू क्रुसावर होता, श्वास घेणं मुश्कील होतं, तेव्हा त्याने आईला शिष्याच्या हाती सोपवलं आणि शिष्याला आईच्या. योहान सांगतो की त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. गुड फ्रायडेला आपण हे ऐकतो आणि डोळे पुसतो. मरणाऱ्या मुलाने विधवा आईची केलेली ती व्यवस्था होती, हे आपल्या लक्षात येत नाही.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, दोघांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. आपल्या लोकांसाठी दोन खास खाचा आहेत, ज्या हिंदू शेजाऱ्याच्या वकिलालाही कधी कधी ठाऊक नसतात. ज्याला काही मिळणार आहे तो, किंवा त्याची बायको, किंवा तिचा नवरा साक्षीदार झाला, तर त्याला दिलेली ती देणगी रद्द होते. म्हणजे जावयाने सही केली की लेकीचा वाटा गेला. दुसरं, मृत्युपत्रानंतर लग्न केलं तर आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. पुनर्विवाह केलेल्या विधुरांनी हे वाचून कपाट उघडावं. देवळाला किंवा अनाथाश्रमाला काही ठेवायचं असेल तर पूर्वी ख्रिस्ती लोकांवर जाचक बंधन होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लामट्टम खटल्यात रद्द केलं. पण आमचं ऐका, आधी बायकोचं आणि आईचं लिहा, मग देवळाचं. 'कुर्बान' विसरू नका.

ज्यांचं गाव गोव्यात आहे त्यांचं गणित निराळं. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमांप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी धरतात आणि आपल्या हिश्शातला अर्धा भाग मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव राहतो, तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असंही सांगितलं की ज्याचा कायदेशीर निवास गोव्याचा, त्याच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही तेच नियम लागतील. तेव्हा म्हापशाचं घर आणि टिळकवाडीचा फ्लॅट एकाच कागदावर वाटण्याआधी गोव्यातला कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा.

आता विसरभोळेपणाचा आजार. बाबांनी मुलीला मुखत्यारपत्र दिलंय, आता काळजी नाही, असं समजून बसलेली घरं आम्ही पाहतो. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवशी ते खरं लागणार, त्याच दिवशी ते निकामी होतं. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. म्हणून पहिली लक्षणं दिसताच, बाबांना सगळं उमजतं आहे तोवर, पेन्शनचं खातं 'दोघांपैकी कुणीही' पद्धतीने जोडून घ्या, नामनिर्देशन तपासा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे हाती घेणारा, वारस वेगळे. बुद्धी शाबूत आहे आणि फक्त हात थरथरतो, तर बँकेला दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा लागतो, तसे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवाही मागता येते.

बेन सिरा तिसऱ्या अध्यायात सांगतो, बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घे. समजून घेणं म्हणजे त्याच्या हाताला धरून उमटवलेली सही नव्हे. तेही आम्ही ऐकलेलं आहे.

कुणी घरी बोलावून कागद दाखवणार असेल तर घराचा उतारा, पासबुकं आणि जुनं मृत्युपत्र असेल तर ते काढून ठेवा. आम्ही वकील नाही, वकिलाकडे काय विचारायचं ते एकत्र लिहून काढू. आणि बोलताना आजींना आतल्या खोलीत पाठवू नका, घर त्यांचं आहे.