मेंदूचं वय मोजता, मग शाळेची वर्षंही मोजा

वरणगावात माझी एक चुलत आजी आहे. सगळं आयुष्य केळीच्या बागांत आणि दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करण्यात गेलं. दोन वर्षांपासून ती विसरते. दूध गॅसवर ठेवून बाहेर निघून जाते, वारलेल्या आजोबांना जेवायला हाका मारते. शेजाऱ्यांनी भगताचं नाव सुचवलं. मी तिला दवाखान्यात नेलं.

तिथे स्मरणशक्तीची तीस गुणांची चाचणी घेतली. शंभरातून सात वजा करत जा. कागदावर लिहिलंय ते वाचून तसं कर. एक वाक्य लिही. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढ. आजीने पेन हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "मले शायेत कोनं जाऊ देलं, भाऊ?" तेवढे गुण गेले. रिपोर्टवर फक्त एकूण आकडा आला. नंतर एमआरआय झाला, त्यात लिहिलं होतं की मेंदू वयाच्या मानाने जास्त आक्रसला आहे.

वयाच्या मानाने म्हणजे कोणाच्या मानाने?

आज जगात हजारो लोकांचे स्कॅन कॉम्प्युटरला शिकवून 'मेंदूचं वय' काढायचं संशोधन जोरात आहे. पण हे स्कॅन बहुतांशी युरोप-अमेरिकेतले. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधले लोक बहुसंख्य गोरे आणि तिथल्या सरासरीपेक्षा सुखवस्तू, निरोगी. भारतीय मेंदूचा नकाशा हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 साली दिला, तोही 100 तरुणांच्या स्कॅनवरून. आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्य नकाशापेक्षा आकाराने थोडा लहान निघाला. लहान म्हणजे कमी बुद्धीचा नव्हे, पण असं म्हणायला टपलेले लोक या देशात कमी नाहीत.

मोजमापाचा हा इतिहास आपल्याला नवा नाही. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड वंशाने सिद्ध करायला निघाले होते. बाबासाहेबांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकांचीच मापं घेतली आणि त्याच आकड्यांवरून दाखवलं की अस्पृश्य हा वेगळा वंश नाही. म्हणून "आपल्या म्हाताऱ्यांना प्रयोगाचे उंदीर करतील, या भानगडीत पडू नका" असं सांगणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. भीती खोटी नाही. पण आपण मोजणीत नसलो तर आपल्याबद्दलचा निकाल आपल्याशिवाय लागतो.

2024 साली लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली. आयुष्याच्या क्रमाने त्यात पहिलं आहे बालपणीचं अपुरं शिक्षण. शिकलेल्या मेंदूत झीज झाली तरी माणूस काही काळ निभावून नेतो, न शिकलेल्याची शिल्लक लवकर संपते. 2023 साली आलेल्या भारतीय पाहणीत साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. या देशात शाळेचा दरवाजा कोणासाठी बंद होता, हे या ब्लॉगच्या वाचकाला सांगायला नको. एमआरआयला आक्रसलेला हिप्पोकॅम्पस दिसतो. तो दरवाजा दिसत नाही, आणि मग समाजाने केलेलं नुकसान मेंदूचा दोष म्हणून नोंदवलं जातं.

आणि याला पर्याय नाही असंही नाही. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षरांसाठी हिंदीतून चाचणी तयार झाली. तिच्यात शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन वजा करायचे, वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल सांगायचं. बेंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुराच्या खेड्यांतल्या लोकांची वर्षानुवर्षं तपासणी करतंय, एमआरआयसकट. हैदराबादच्या 648 रुग्णांच्या अभ्यासात (2013) दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साडेचार वर्षं उशिरा झाल्याचं दिसलं, निरक्षरांतसुद्धा! आमच्या बाजारात तर भाजीवालीही बोली, मराठी आणि हिंदी तिन्ही चालवते. मग असा अभ्यास खानदेशात का नको?

मागणी साधी आहे. भुसावळ-जळगावच्या सरकारी दवाखान्यांत निरक्षरांना चालेल अशी, आपल्या बोलीतली चाचणी आणा. संशोधनासाठी स्कॅन घ्याल तिथे शाळेची वर्षं, जात आणि लहानपणी पोटभर मिळत होतं का, हे विचारा, आणि फॉर्ममध्ये पुरून न ठेवता निष्कर्षात मांडा. अंगठा घेण्याआधी कागद समजेल अशा भाषेत वाचून दाखवा.

मागच्या रविवारी मीच आजीला म्हटलं, घराबद्दल एक वाक्य सांग. तिने सात-आठ सांगितली. पत्रे कधी टाकले, भिंत कोणी लिंपली. त्यातली निम्मी तिच्या माहेरच्या घराची होती, जे पडून चाळीस वर्षं झाली.